रिकामी सायकल

थोर माणसांना लहान करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. शास्त्रज्ञ, दर्यावर्दी, डॉक्टर, एक-दोन गिर्यारोहक, जो कोणी मोठा झाला असेल त्याला मी आठ-दहा वर्षांचा करते, हाफपँट घालते आणि बत्तीस पानांत परत मोठा करून सोडते. मालिकेचे नियम ठरलेले आहेत. रक्त दाखवायचं नाही. नायकाने तीनदा हरायचं आणि चौथ्यांदा जिंकायचं. दोनदाच हरला तर मुलांना ते फार सोपं वाटतं, आणि चारदा हरला तर ती पान उलटतात. आजारी पडायला हरकत नाही, पण मरायचं शेवटच्या पानावर, तेही एका ओळीत. आई प्रेमळ हवी. वडील कडक चालतील, पण हात उगारणारे नकोत.

हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. शिंप्याला मापं लागतात तशी आम्हाला ही लागतात. मापात बसलेलं पुस्तक विकलं जातं आणि न बसलेलं गोदामात वाळवीला मिळतं.

एक नियम मात्र दुसऱ्या प्रकाशकांकडे मी पाहिलेला नाही. आमच्याकडे त्याला कच्चं वाचन म्हणतात. मजकूर तयार झाला, चित्रांचे पेन्सिलीचे आराखडे आले, की लेखकाने ते बाड उचलून एखाद्या शाळेत जायचं आणि चौथीच्या वर्गाला वाचून दाखवायचं. मुलं जे विचारतील ते समासात लिहून घ्यायचं, आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आलंच पाहिजे, मग तो प्रश्न कितीही फालतू वाटो. हा नियम आमच्या प्रकाशकांच्या वडिलांनी घातला. त्यांनी एका दर्यावर्दीचं चरित्र छापायला घेतलं होतं आणि वर्गात एका पोराने विचारलं, की इतकी माणसं इतके महिने बोटीवर होती, तर ती शीला कुठे जायची? लेखक संतापले, प्रकाशक मात्र संतापले नाहीत. त्या उत्तरासाठी अर्धं पान वाढवलं, आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्या अजून निघतात. त्या दर्यावर्दीने काय शोधलं ते आता कोणाच्या लक्षात नाही.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याला हातरोकवाले साहेब आले. कापायच्या, दाबायच्या, लाटायच्या यंत्राच्या तोंडाशी एक हलकी पट्टी असते. माणसाचा हात तिला लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. हाच तो हातरोक. तो निघाला नसता तर किती माणसं आज पाच बोटांनी जेवत नसती, याची गणती नाही. साहेब ऐंशीच्या घरात आहेत, ताठ चालतात, चष्मा न लावता सही करतात, आणि कोणी बोलावलं की भाषण करतात. प्रत्येक भाषणात एकच गोष्ट असते, आणि ती ते छान सांगतात.

वडिलांचा पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. तिथे पुठ्ठा कापायचं यंत्र होतं. एका बाजूचं चाक हाताने फिरवलं की दुसऱ्या बाजूला दोन गोल पाती फिरायची. आठ वर्षांच्या साहेबांनी ते चाक काढलं आणि तिथे एका मोडक्या सायकलची साखळी जोडली. पेडल मारलं की पाती फिरणार, हात मोकळे. पहिला शोध. "पण माझी ताई पहिल्यापासून धांदरट," साहेब म्हणतात, आणि इथे सभागृह हसतं. "तिने घातला हात. दोन बोटं गेली. त्या दिवशी मी ठरवलं, की यंत्र असं हवं ज्याने धांदरट माणसालाही सांभाळून घ्यावं." मग टाळ्या.

आयतं बालपण मिळालं की माझं अर्धं काम झालेलं असतं. बाकीच्यांच्या बालपणात मला कुठून तरी घड्याळ उघडवावं लागतं नाही तर पतंग उडवावा लागतो. इथे शोध होता, अपघात होता, निश्चय होता, आणि सगळं एका पानात मावत होतं. मी लिहिलं: 'त्याची ताई मोठी धांदरट होती. एक दिवस तिने घाईघाईत यंत्रात हात घातला आणि तिच्या बोटांना दुखापत झाली. त्याला फार वाईट वाटलं.' बोटं गेली असं लिहिता येत नव्हतं, रक्ताचा नियम. आमच्या चित्रकाराने दोन वेण्यांची, बटाट्याएवढ्या डोळ्यांची ताई काढली, तिचा हात यंत्राच्या तोंडाशी. मागे स्टँडवर लावलेली सायकल, आणि पेडल फिरतंय हे कळावं म्हणून पेडलाभोवती दोन वाकड्या रेघा. मी ते चित्र पाहिलं, प्रकाशकांनी पाहिलं, साहेबांच्या ऑफिसने शिक्का मारून परत पाठवलं. सगळ्यांना आवडलं.

कच्च्या वाचनाची शाळा साहेबांच्या ऑफिसनेच सुचवली. साहेबांची ही ताई त्याच शाळेत जन्मभर शिकवत होती, आणि निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायची. बहीण, भाऊ, मुलं, एक छान फोटो निघेल असा ऑफिसचा हिशेब. साहेब स्वतः येणार होते.

वाचनाच्या आदल्या आठवड्यात ती बहीण आमच्या कचेरीत आली. शाळेत तिला मोठ्या बाई म्हणतात, आणि पाहिल्यावर दुसरं काही म्हणावंसं वाटतही नाही. उंच, हाडापेराने मजबूत, खांद्याला कापडी पिशवी. उजव्या हाताची पहिली दोन बोटं मधल्या पेरापाशी संपलेली. पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हाताने घेतला.

"माझं एकच काम आहे," त्या म्हणाल्या. "भावाच्या ऑफिसातून मजकूर मला वाचायला आला होता. तुमच्या पुस्तकात एक शब्द आहे, तो काढा."

"कोणता?"

"धांदरट."

माझी त्यांच्याशी ही पहिलीच भेट, पण प्रसंग पहिला नव्हता. दर पुस्तकामागे एक नातेवाईक येतोच. कोणाला आजोबांची टोपी चुकीची वाटते, कोणाला काकूचं नाव घालायचं असतं. मी माझं ठरलेलं बोलले. म्हटलं, ही गोष्ट साहेब स्वतः सांगतात, त्यांच्या ऑफिसने मजकूर पसंत केलाय, आणि हा शब्द काढला तर मुलांना कळणार नाही की तुम्ही हात का घातलात.

"ते खरंच आहे," त्या म्हणाल्या. "कळणार नाही."

"मग तुम्हीच सांगा काय झालं होतं. तसं लिहू."

"ते त्याने सांगायचं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी वर्गात गेले की मुलं बोटांकडे बघतात. दर वर्षी नवी मुलं, दर वर्षी तोच प्रश्न. मी सांगते, यंत्रात गेली, आणि पाढे म्हणायला लावते. विषय संपतो. माझ्या वर्गातली दोन-तीन मुलं दर वर्षी माझं बघून डाव्या हाताने लिहायला लागायची, आणि त्यांचे आईवडील भांडायला यायचे. तेवढंच. पण आता ती तुमचं पुस्तक वाचून येतील. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांना माहीत असेल, की या बाई धांदरट. मला त्या शाळेत मग जाता येणार नाही हो."

त्यांचा आवाज चढला नाही. मी म्हटलं, बघते. आमच्या धंद्यात बघते म्हणजे नाही. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्या लगेच उठल्या. जाताना म्हणाल्या, की घरी या शब्दापायी त्यांना काचेचं भांडं कधी कोणी धुवायला दिलं नाही, आणि वडिलांनी शेडचं दार बंद केलं ते केलंच. "भावासाठी नाही केलं. माझ्यासाठी केलं. मला आवडायचं तिथे."

मी साहेबांच्या ऑफिसात फोन केला, एवढं तरी केलं. सेक्रेटरी म्हणाली, साहेबांच्या सगळ्या भाषणांत तोच शब्द आहे, आता बदलला तर लोक विचारतील. लोक काय विचारतील ते तिला सांगता आलं नाही. शब्द राहिला.

वर्ग छोटा होता आणि मुलं भरपूर. पुढच्या बाकावर तिघं-तिघं कोंबलेली. साहेबांना फळ्याजवळ खुर्ची दिली होती. मोठ्या बाई सगळ्यात मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर, डावा वर आणि उजवा खाली. फोटोवाल्याने दोघांना जवळ बसायला सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मागून सगळं दिसतं.

मी वाचायला लागले. एक मूल विचारायचं, मी समासात लिहायचे. पुठ्ठा कशाचा करतात. पत्र्याच्या शेडमध्ये उकडायचं का. सायकल कोणाची होती, आणि ती मोडल्याबद्दल त्याला ओरडा बसला का. 'मोडकीच होती' हे उत्तर साहेबांनी परस्पर दिलं आणि मुलं खूश झाली. मग मी 'धांदरट'वर आले, आणि वर्ग खिदळला. का नाही खिदळणार? शब्दच तसा आहे. मी मागे बघितलं नाही. मला तेव्हा स्वतःचा रागच आला, पण वाचन थांबवण्याइतका नाही. मी चित्राचा कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नाकावर चिकटपट्टी लावलेली, बहुधा तीही कुठेतरी धडपडलेली.

"सायकलवर कोण आहे?" तिने विचारलं.

मी चित्राकडे पाहिलं. सायकल रिकामी होती. पेडल फिरत होतं, रेघा स्पष्ट होत्या, आणि सीटवर कोणी नव्हतं.

"पेडल मारलं की पाती फिरतात असं तुम्ही आत्ता वाचलंत," ती म्हणाली. तिचा सूर भांडायचा नव्हता, गणितात अडल्यासारखा होता. "या ताईचा हात इकडे आहे. मग पेडल कोण मारतंय?"

इतकी वर्षं ही गोष्ट मोठमोठ्या सभागृहांत सांगितली गेली, वर्तमानपत्रांत आली, माझ्या आधी दोन जणांनी त्यावर मोठ्यांसाठी पुस्तकं लिहिली. शिकलीसवरलेली माणसं हसली, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सायकल आपोआप फिरत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला तर यंत्राचं चित्र तपासायचे पैसे मिळतात. मी पेन्सिलीने समासात लिहिलं: सायकलवर कोण?

"बाबा असतील," साहेब म्हणाले. ते हसत होते. "हो, बाबाच. शेड त्यांची ना."

"बाबा त्या दिवशी माल पोचवायला गेले होते," मागून मोठ्या बाई म्हणाल्या. वाचनाच्या तासाला एखाद्या मुलाचा उच्चार सुधारावा इतक्या साधेपणाने. "बाबांना यात आणू नकोस."

सगळी मुलं मागे वळली, मग पुढे वळली. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आता ते कोणासाठी आहे ते त्यांनाच कळत नव्हतं.

"फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो," ते म्हणाले. "नीटसं आठवत नाही."

मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली आणि पाच मिनिटं पाणी प्यायची सुट्टी दिली. साहेबांना शिक्षकांच्या खोलीत नेलं. मोठ्या बाई स्वतःहून तिथे आल्या. मुख्याध्यापक चहाचं बघतो म्हणून सटकले. मला कोणी जा म्हटलं नाही, आणि मी गेले नाही. बाड छातीशी धरून कपाटाजवळ उभी राहिले.

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते. "ताई, तूच म्हणाली होतीस. तुझाच हात चुकून गेला म्हणून. मी माझ्या मनाचं सांगत नाही."

"हो, म्हणाले होते."

"मग? मला तर असंच दिसतं. तू यंत्रापाशी आहेस आणि मी दारातून आत येतोय. स्पष्ट दिसतं."

"दारात मी होते, बाळ्या. तू सायकलवर होतास. पुठ्ठा तिरका अडकला होता. तू हाक मारलीस, ताई, ये, मी थांबलोय, तेवढा सरळ कर. मी विचारलं, नक्की थांबलायस ना? तू हो म्हणालास. तुझा पाय घसरला असेल. पोचत कुठे होते तुझे पाय. तू मुद्दाम केलंस असं मी कधी म्हटलेलं नाही."

साहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बूट चकचकीत होते.

"पण मग तू तसं का सांगितलंस?"

"तू जेवेनास. झोपेत किंचाळायला लागलास. आई माझ्या हाताचं बघेल की तुझं बघेल? मी तुझ्या शेजारी झोपायचे. एकदा तुला म्हटलं, अरे, तू हाक मारलीच नव्हतीस, माझाच धांदरटपणा, मीच हात घातला. दोन-तीनदा म्हटलं. तेव्हा कुठे तू झोपलास. सकाळी तू तेच आईला सांगितलंस, आणि आईने बाबांना." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, कचेरीत ठेवला नव्हता तसा उघडा. "ते झोपेपुरतं दिलं होतं रे तुला. मला वाटलं, मोठा झालास की परत करशील. तू भाषणात सांगायला लागलास."

बाहेर नळावर मुलांची ढकलाढकली चालू होती. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला, आणि खरं सांगायचं तर थोडा राग मोठ्या बाईंचाही आला, की माणसाने इतकं गप्प का राहावं. पण मी कोण विचारणारी. मला तर त्यांनी आठवडाभर आधी येऊन सांगितलं होतं, आणि मी 'बघते' म्हटलं होतं.

"इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस," साहेब म्हणाले.

"कोणी विचारलं नाही."

"आता मी काय करू? तुझी माफी मागू?"

"माझं नंतर बघू. त्या पोरीने उभं राहून विचारलंय, तिला उत्तर दे. माझ्या शाळेत पोरांना अर्धवट ठेवत नाहीत."

घंटा झाली. साहेबांची सेक्रेटरी दारात येऊन म्हणाली, की गाडी लागली आहे आणि फोटो पुरेसे झाले आहेत. साहेबांनी तिला हातानेच थांब म्हटलं आणि ते परत वर्गात गेले. खुर्चीवर बसले नाहीत. चिकटपट्टीवाल्या मुलीचा बाक शोधून तिच्यासमोर उभे राहिले.

"सायकलवर मी होतो," ते म्हणाले. "मी ताईला म्हटलं, मी थांबलोय, हात घाल. तिने घातला. आणि माझा पाय फिरला."

मुलीने मान हलवली. तिचं गणित सुटलं होतं. ती खाली बसली. बाकीच्यांचं मात्र आता कुठे सुरू झालं होतं. एकाच वेळी चार हात वर गेले. साहेबांनी खिडकीजवळच्या एका बारक्याकडे बोट केलं.

"मग तुम्हाला मार बसला?"

"नाही."

"नुसती बोलणी?"

"तीही नाही. बोलणी ताईला बसली."

"का?"

मी पेन्सिल टेकवून थांबले होते. साहेबांनी मागच्या बाकाकडे पाहिलं, सभेत एखादा शब्द आठवला नाही की माणूस शेजाऱ्याकडे बघतो तसं. मोठ्या बाईंनी या वेळी काही पुरवलं नाही.

"कारण तिने सगळं स्वतःवर घेतलं," ते म्हणाले, "आणि मी घेऊ दिलं."

वर्गात कोणी हसलं नाही. मी ते जसंच्या तसं समासात उतरवलं. माझ्या शेजारी उभी असलेली सेक्रेटरी कुजबुजली, की हे छापायचं नाही. मी म्हटलं, मुलाने विचारलंय, आमच्याकडे नियम आहे. शेवटच्या बाकावर मोठ्या बाई रडत होत्या. आधी त्यांनी पदराने डोळे टिपले, मग तेही सोडून दिलं. शेजारच्या मुलीने त्यांचा उजवा हात धरला होता, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.